जुन्या बोलीतली हाक

म्हसवडजवळच्या माळावर अवकाशसंपर्काची मोठी अँटेना आहे. तिच्या नियंत्रण कक्षात ‘सेतू’ या मुक्तस्रोत प्रणालीचे कार्यकर्ते सकाळपासून भांडत होते. सेतू कुणाच्याच मालकीची नव्हती. जगभरच्या हौशी माणसांनी ती फावल्या वेळात लिहिली होती आणि दूरदूरच्या यानांशी पृथ्वीचे सारे बोलणे तिच्यावरूनच, तिच्या ठरलेल्या संकेतभाषांतून म्हणजे ‘बोलीं’तून चाले. इथे कुणाला पगार नव्हता, त्यामुळे वादालाही सुट्टी नव्हती.

मोठा बदल करायचा तर सर्वांचा होकार हवा, असा नियम होता. गेली कित्येक वर्षे एकच नकार आडवा येत होता. तो सेतूच्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या रोहिणी भडकमकर यांचा.

“ताई, पहिली बोली आता काढायलाच पाहिजे,” शाहीन मुजावर म्हणाली. मिरजेच्या या पोरीने सेतूची नवी रचना जवळजवळ एकहाती उभी केली होती. “तिला कुलूप नाही. गेल्या महिन्यात चंद्रावरच्या खाणीत कुणीतरी त्याच वाटेनं खोटा हुकूम घुसवला अन् हवेचे पंखे बंद पडले. माणसं वाचली ती नशिबानं. नशिबावर किती दिवस काढायचे?”

“आणि ज्यांना नवी बोली येत नाही, त्यांचं काय?”

“बाकीची यानं गोदीत येतात. तिथं आम्ही हातानं नवी आवृत्ती बसवली. राहिली एकटी ‘उत्तरा’. ती काय परत यायची नाही. तिला दर वर्षी इथून नवी आवृत्ती पाठवतो, पण बसली म्हणून पोच कधी आली नाही. माणसांना विचारावं तर आवृत्तीचा कारभार यानाचं यंत्रच बघतं, त्यांना तो दिसत नाही.”

“मग टाकायचं तिला वाऱ्यावर?”

“ताई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? उत्तरावर तुमची लेक नीरजा आहे. सरळ सांगा की.”

रोहिणीताईंचा चेहरा उतरला. “आहे. आणि तिची अरुंधती आहे. यानावरच जन्मली, सहा वर्षांची झाली. पहिल्या बोलीतून नुसती अक्षरं जातात. नीरजा लिहिते, पोरगी दिवसभर बडबडते, कान किटतात. मी ते वाचते. ‘आवाजाची सोय नाही, असो,’ असंही एकदा तिनं लिहिलं होतं. त्या पत्रांवर मी जगते, शाहीन. तीही बंद करू?”

उत्तराचा स्वभाव सर्वांना ठाऊक होता. पृथ्वीची हाक समजली नाही, की तिचे यंत्र अँटेना फिरवून आकाश धुंडाळू लागे. असे धुंडाळत गेलेले एक यान पुन्हा सापडलेच नव्हते. म्हणून चाचणीसाठीसुद्धा पहिली बोली बंद करायला आजवर कुणी धजावले नव्हते.

“खाणीत माणसं किती आहेत?” रोहिणीताईंनी विचारले.

“दोनशेच्या वर.”

“त्यांच्याही आया असतील कुठेतरी.” त्या उठल्या. “आजची हाक नव्या बोलीत जाऊ दे. कळ मी दाबते.”

शाहीनच चरकली. “आधी पत्र टाकू या ना, अँटेना धरून ठेवा म्हणून.”

“ती अँटेना माणसाच्या हातात नाही. उगाच घाबरतील.”

त्यांनी कळ दाबली.

हाक पोचायला अर्धा दिवस लागे आणि उत्तर यायला आणखी अर्धा. दुसऱ्या दिवशी शाहीनने आणलेला चहा कपातच निवला.

“मी फार ताणलं का ताई?”

“ताणायलाच हवं होतं. गप्प बस आता.”

तेवढ्यात पडदा उजळला. आधी एक पोच आली, मग दुसरी, मग तिसरी, अशा एकामागून एक. ‘नवी आवृत्ती बसली.’ दर वर्षाची एकेक. शाहीनने सर्वांत जुनी पोच दोनदा वाचली.

“ताई, हिला सगळं येतंय की! आपली हाक आधी पहिल्या बोलीत जायची, अडाण्यातल्या अडाण्यालाही कळावी म्हणून. उत्तराला ती कळायची, मग ती त्याच बोलीत ओ द्यायची. पुढची बोली वापरायची वेळच आली नाही. अन् पोच निघते फक्त नव्या बोलीत.”

“म्हणजे उत्तरावरच्यांना वाटत होतं, जुनाट आपण आहोत.”

“हो.”

“कधीपासून?”

शाहीनने मान खाली घातली. “अरुंधती जन्मायच्या आधीपासून.”

रोहिणीताई रडल्या. ज्या नकाराने त्यांनी लेकीची पत्रे राखली, त्याच नकाराने नातीचा आवाज सहा वर्षे बाहेर उभा ठेवला होता. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पडद्यावर आता रांग सरकू लागली. नव्या बोलीची वाट पाहत उत्तराच्या यंत्राने जपून ठेवलेले ते ध्वनिसंदेश होते, सर्वांत जुना सर्वांत आधी.

“शेवटचा लावू? परवाचाच आहे. त्यात ती बोलत असेल.”

“नको. क्रमानं येऊ दे.” रोहिणीताईंनी डोळे पुसले, कळफलक ओढला आणि पहिली बोली काढण्याच्या ठरावापुढे आपला होकार टंकला.

ध्वनिवर्धक खरखरला. मग नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे रडणे साऱ्या कक्षात ऐकू आले.