नमुन्याचा शर्ट

"ही बाही एकट्या माझ्यासाठी आहे, की शेजाऱ्यालाही आत घ्यायचंय?"

आरशासमोर उभा राहून तो स्वतःशीच पुटपुटला. अगदी मराठीत. बाहेर सिडनीचा जूनमधला पाऊस... गार, कंटाळवाणा, सकाळपासून लागलेला. आणि दुकानात तो एकटाच गिऱ्हाईक.

"शेजाऱ्याला आणा की, दोघांची मापं घेते," मी म्हटलं.

तो असा दचकला की नव्या शर्टाची टाचणी टोचली त्याला. "तुम्ही... मराठी?"

"वसईची. बीट्रिस डाबरे. आणि बाहीला काही झालेलं नाही, तुमचे हात आखूड आहेत."

"आखूड?"

"वाईट नाहीत हो. नुसते आखूड."

तो हसला. आणि त्या हसण्यातच माझं वाटोळं झालं, आधीच सांगून टाकते.

हा चारुदत्त. पुण्याचा, सिडनीच्या पॅरामॅटा उपनगरात सरकारी ऑफिसात इंजिनिअर. साल एक्याऐंशी. आमचं दुकान म्हणजे लंडनच्या एका जुन्या शर्टवाल्यांची शाखा. पुढे रॅकवर तयार शर्ट, आत मापाचे. मालक मिस्टर प्रिचर्ड यांना टेपवरचे आकडे दिसेनासे झाले, तेव्हापासून मापं मी घ्यायची. मापाचे शर्ट अर्ध्या डझनाखाली शिवायचे नाहीत, असा लंडनचा नियम. पण आधी एकच शिवून यायचा, नमुन्याचा. गिऱ्हाइकाने तो घरी नेऊन घालायचा, धुवायचा, पुन्हा घालायचा. कापड आटतं ना. मग येऊन 'ठीक आहे' म्हटलं, की बाकीचे कापायला लंडनला कळवायचं. तोवर ऑर्डर उघडी.

चारुदत्तने मापाचे अर्धा डझन सांगितले आणि ऑर्डर उघडीच ठेवली.

"कॉलर टोचते," जुलैत येऊन म्हणाला. मी कॉलरमध्ये दोन बोटं घातली. नीट जात होती. त्याच्या मानेला माझी बोटं गार लागली असावीत, कारण तो शहारला.

"कॉलरला काही झालेलं नाही."

"मग मलाच झालं असेल."

"डॉक्टरकडे जा."

"त्याच्याकडे टेप नसते..."

मी टेप गुंडाळत खाली बघत राहिले. हसू दिसायला नको होतं मला.

मग कफ घट्ट निघाला. मग खांदा ओढायला लागला. "फार किरकिरा माणूस आहे हा," प्रिचर्ड वैतागून म्हणाले, आणि मीही गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. दुकान बंद झालं की तो खाली कोपऱ्यावर उभा असायचा. आम्ही एकाच ट्रेनने पॅरामॅटाला जायचो, मी तिथेच माझ्या भावाकडे, मॉरिसकडे राहायचे. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंही नाही. छत्री एकच उघडायची आणि ती सगळी माझ्यावर धरून स्वतः भिजायचं, ही त्याची खोड. मला ती फार आवडायची.

मॉरिसला मी सांगून टाकलं. हिंदू मुलगा म्हटल्यावर तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका रविवारी चर्चहून येताना म्हणाला, "बोलाव त्याला जेवायला." माझ्या बाजूचं मी केलं होतं.

त्याच संध्याकाळी नाही, पण त्या आठवड्यात ट्रेनमध्ये मी विचारलं, "तुझ्या आईला सांगितलंस माझ्याबद्दल?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. ग्रॅनव्हिल स्टेशन आलं, गेलं.

"सांगेन गं..."

"कधी?"

"जरा वेळ बघून."

तरी मी त्याचा हात सोडला नाही.

ऑक्टोबरात तो दुकानात आला, तोच नमुन्याचा शर्ट घालून. हसला नाही. "शर्ट ठीक आहे," म्हणाला. "बाकीचे शिवायला सांग."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"डिसेंबरात पुण्याला चाललोय. आईने... लग्न ठरवलंय. शैला म्हणून मुलगी आहे."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काहीच म्हणालो नाही."

"तेच तर."

नियम म्हणजे नियम, शेवटचं माप घ्यावं लागतं. मी कॉलरमध्ये बोटं घातली. चारही गेली. खांद्यावरून कापड लोंबत होतं. माणूस वाळून काटकी झाला होता आणि मला इतके दिवस शेजारी बसून दिसलं नव्हतं.

"जेवत नाहीस, झोपत नाहीस. हे तुझं माप नाही. मी लंडनला पाठवणार नाही."

"बीट्रिस, आता वेळ नाही..."

"मग तयार घे. तिकडे रॅकवर आहेत. दुसऱ्यांनी ठरवलेलं अंगावर चढवायची तुला सवय आहेच."

त्याला लागलं ते. लागावं म्हणूनच म्हटलं होतं मी.

तो अगदी हळू म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे... तुला माहितीय."

"माहितीय. माझंही आहे. पण मला सांगून काय उपयोग? पुण्यात सांग. तिथे एकदा 'नाही' म्हण आणि परत ये. ऑर्डर थांबवून ठेवते मी."

"आईचं मन मोडवत नाही गं मला."

"माझं मोडवतं."

त्याने रॅकवरून एक पांढरा शर्ट काढला, न घालताच काउंटरवर ठेवला. मी घडी नीट केली, कागदात गुंडाळला, दोरी बांधली. गाठ दोनदा सुटली.

दारापाशी तो थांबला. पाठमोरा, हात दाराच्या मुठीवर, पुडकं काखेत. वाट बघत होता, मी हाक मारेन म्हणून. माझ्या ओठांवर आलंही होतं त्याचं नाव. मारली असती तर तो वळला असता, नक्की वळला असता.

पण माझ्या हाकेने वळलेला माणूस उद्या आईच्या हाकेने परत वळला असता. म्हणून नाही मारली.