काशुबियातली चार गावं

क्वीन्सटाउनच्या ऑफिसात मी नकाशे तपासते. मे महिन्यात माझ्याकडे उत्तर पोलंडमधला काशुबिया हा भाग आला. तिथल्या गावांच्या हिरव्या पाट्यांवर दोन-दोन नावं असतात, वर पोलिश, खाली काशुबियन. गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली नावं आमच्या यादीशी जुळतात का, एवढंच पाहायचं. शेवटची चार गावं फारच लहान होती. दहा-बारा घरं, एखादं तळं, बटाट्याची शेतं, वळणावर मेरीची मूर्ती.

हे काम मी खरं तर नाकारायला हवं होतं. माझा नवरा अभय मरीन इंजिनिअर होता. तीन वर्षांपूर्वी काशुबियाच्याच समुद्रकिनाऱ्यासमोर, एका सकाळी ड्युटी बदलताना तो जहाजावर सापडला नाही. नंतरही कुठे सापडला नाही. तेव्हापासून शहराच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये मी आणि सासूबाई, लीलाबाई, दोघीच राहतो; मी त्यांना आई म्हणते. तिसऱ्या वर्षी आई कशाबशा तयार झाल्या होत्या. अभय गेला असं मानून येत्या रविवारी त्याचं पुण्यानुमोदन करायचं, भंतेजींना बोलवायचं, असं ठरलं होतं.

मंगळवारी पहिल्या गावात एका घरासमोर बाकावर एक माणूस बसलेला दिसला, पाठमोरा. डावा खांदा जरा खाली. मी पाटी तपासली आणि पुढे गेले.

बुधवारी दुसरं गाव, चाळीस किलोमीटर दूर. तसंच घर, तसाच बाक. या वेळी त्याची मान वळलेली होती. कान दिसत होता, गाल दिसत होता. मी हेमचंद्रला बोलावलं. तो शेजारच्या टेबलावर बसतो, अभयला ओळखत होता. त्याने स्क्रीन पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. उरलेली दोन गावं मी करतो, तू घरी जा, एवढंच तो म्हणाला.

मी गेले नाही. तिसरं गाव उघडलं.

आमचं सॉफ्टवेअर फोटोतला प्रत्येक चेहरा पुसट करतं. पोस्टरवरचे करतं, वळणावरच्या मेरीचासुद्धा करतं. बाकावरच्या माणसाचा चेहरा स्वच्छ होता. हनुवटीवरची खूणही दिसत होती. तो माझ्याकडे बघत होता.

घरी जाऊन मी आईंना मोबाइलवर फोटो दाखवला. दाखवायला नको होता, पण एवढं एकटीला पेलवेना. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"वाळलाय," त्या म्हणाल्या.

"आई, फोटो गेल्या उन्हाळ्यातला आहे. कोणी दुसराच असेल."

"रविवारचं रद्द कर."

मग बराच वेळ त्या गॅलरीत उभ्या होत्या. जेवताना त्यांनी विचारलं, "इथून तिकडं जायला किती वेळ लागतो?"

सोळा-सतरा तास, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

गुरुवारी मी रजा टाकली. दिवसभर आईंसोबत राहिले. त्या नेहमीसारख्याच होत्या, फक्त दुपारी त्यांनी कपाट आवरलं.

शुक्रवारी ऑफिसात गेले. हेमचंद्रने चौथ्या गावाला हात लावला नव्हता. मीही संध्याकाळपर्यंत टाळलं. सहा वाजता उघडलं.

पाटीवरची दोन्ही नावं बरोबर होती.

बाक रिकामा होता.

घराचं दार अर्धं उघडं. पायरीवर जाड तळव्याचे बूट, आणि त्यांच्याशेजारी निळ्या पट्ट्यांच्या चपला. डाव्या चपलेचा अंगठा मीच आईंसाठी वुडलँड्समधल्या चांभाराकडून शिवून आणला होता. पांढरा दोरा दिसत होता.

मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

मग आईंनी उचलला. आवाज प्रसन्न होता. असा आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता.

"किती उशीर गं," त्या म्हणाल्या. "ये लवकर. आम्ही जेवायचं थांबलोय."

त्यांच्या मागे कुणीतरी ताटं मांडत होतं.