थेट बॅटरीवरून

तो पहिल्यांदा दुकानात आला, तेव्हा मी एका स्कूटरच्या सीटखाली डोकं घालून बसले होते. "मिस्त्री आहेत का?" असं त्यानं विचारलं. मी काळ्या हातांनी बाहेर आले, तर हा माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघायला लागला.

"मीच मिस्त्री," मी म्हटलं. "बाबांना हल्ली बारीक वायरी दिसत नाहीत. बोला."

कोपऱ्यात रेडिओ ऐकत बसलेल्या बाबांनी मान डोलावली.

त्याला मोटरसायकलवर जीपीएस बसवून हवा होता. हँडलवर छोटा पडदा आणि त्यावर नकाशा, म्हणून मी त्याला मनातल्या मनात 'नकाशे' असं नाव देऊन टाकलं.

"वायर चावीवरून घेतली, तर गाडी बंद की नकाशाही बंद," मी समजावलं. "थेट बॅटरीवरून घेतली, तर गाडी बंद असली तरी नकाशा चालूच राहतो. पण तो बंद करायला विसरलात, तर सकाळी बॅटरी ठार झोपलेली. तुमच्या गाडीला किकही नाही."

"थेट बॅटरीवरूनच घ्या. मी कधीच काही विसरत नाही."

असं म्हणून साहेब हेल्मेट आमच्याच टेबलावर विसरून गेले.

हेल्मेट न्यायला तो आला तो थेट गाडी ढकलत. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, आणि चेहऱ्यावर मात्र हसू. मी बॅटरी काढून चार्जिंगला लावली.

"वेळ लागेल," मी म्हटलं.

"लागू दे की... मला कुठं घाई आहे?"

मग हे नेहमीचंच झालं. बॅटरी उतरायची, तो गाडी ढकलत यायचा, आणि चार्ज होईपर्यंत स्टुलावर बसून माझ्याशी वाद घालायचा. हळूहळू तो वायरीत करंट आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प धरायला शिकला. धरताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची, आणि मी कुठली वायर शोधत होते तेच विसरायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एक दिवस मी त्याला गाठलंच. "पडद्याच्या बाजूला बंद करायचं बटण आहे, माहितीये ना?"

"माहितीये."

"मग?"

"मग... राहून जातं." त्याचे कान लाल झाले होते.

"चावीवर घेऊन टाकू? कटकट संपेल."

"नको—" तो इतक्या घाईनं म्हणाला, की बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला. मग तोही हळू आवाजात म्हणाला, "कटकट संपली, तर मी कशाच्या निमित्तानं येऊ?"

मी उगाचच पाना पुसत राहिले. आतून नुसती उजळून गेले होते.

जाताना तो म्हणाला, "आईला सांगणार आहे तुझ्याबद्दल." त्या संध्याकाळी मी रॉकेल आणि साबण घेऊन बसले आणि नखं चुरचुरेपर्यंत घासली. "कुणाच्या लग्नाला जायचंय का गं?" बाबांनी विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

पुढच्या वेळी तो आला तो गाडी चालवत. ढकलत नाही, चालवत.

"बॅटरी ठीक आहे?"

"हो. ते... वायर चावीवरून घेऊन टाका."

'टाका.' म्हणजे परत 'तुम्ही'वर. मी विचारलं, "आईला सांगितलंस?"

तो बोटाभोवती किल्ली फिरवत होता. "सांगितलं. ती म्हणाली, दिवसभर गॅरेजमध्ये हात काळे करणारी सून... लोकांना काय सांगायचं?"

"आणि तू काय म्हणालास?"

"मी... मी काय म्हणणार?"

"मला वाटलं होतं, एवढी गाडी ढकलत आणणारा माणूस माझ्यासाठी एक वाक्य तरी रेटेल."

"थोडे दिवस जाऊ देत, मग बघू—"

"किल्ली दे."

मी कामाला बसले. एक जोड सैल ठेवला असता, तर दोन खड्ड्यांत पठ्ठ्या परत माझ्या दारात उभा राहिला असता. हात घुटमळला, खोटं कशाला बोलू? पण मी जोड पक्का केला, फ्यूज घातला, टेप गुंडाळली आणि वायर नीट टाकीखालून घेतली. किल्ली फिरवली तर नकाशा उजळला, काढली तर विझला.

"झालं. आता विसरलास तरी काही बिघडणार नाही."

"रागावलीस?"

"हो. प्रेम केलं म्हणून रागावले, नाहीतर तू कोण लागून गेलास? नीघ आता."

बाबांनी रेडिओ केव्हाच बंद केला होता. त्यानं टेबलावरचं हेल्मेट उचललं. या वेळी विसरला नाही. गाडीवर बसून त्यानं स्टार्टरच्या बटणावर अंगठा ठेवला, आणि मी मनातल्या मनात त्या गाडीला विनवलं... आज एकदाच नखरे कर गं, एकदाच.

माझ्याच हातचं काम होतं ते. पहिल्याच बटणाला सुरू झाली.