ग्रह फुटल्याचा आवाज

एका अक्रोडातून तिला बरंच काही मिळवायचं होतं. ती ज्या अंतराळ-मालिकेसाठी निरनिराळे आवाज तयार करत होती, तीत एक ग्रह फुटणार होता, आणि तो असा फुटायला हवा होता की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. तो साधला, तर पुढच्या पर्वाचं कामही तिच्याच हातात राहणार होतं. शिवाय, हे ती कुणाला सांगत नसे, पण 'निर्वात'चं तोंड बंद होणार होतं.

निर्वात म्हणजे मालिकेखाली कमेंट टाकणारा एक शंकेखोर. नवा भाग आला, की लोक यंत्रमानवाच्या प्रेमात पडत, नायकाच्या केसांवरून भांडत. हा मात्र नेमाने एकच लिही: 'अंतराळात हवा नसते, म्हणून आवाजही नसतो.' ती साध्या प्रेक्षकाचा आव आणून 'कानोसा' या नावाने उत्तर देई.

'मग कान काढून ठेवा आणि बघा.'

'कान काढले तर चष्मा कुठे अडकवू?'

याला भांडण म्हणावं, तर सकाळी डोळे उघडले की ती आधी तेच उघडून बघे.

तर, स्टुडिओच्या बंद खोलीत तिने माइक गालाशी आणला आणि आख्खा अक्रोड दाढेखाली धरला. तो बत्त्याने फोडता आला असता. पण बत्त्याचा आवाज बाहेरून येतो. तिला कवटीतून घुमणारा हवा होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त नंतर कळतं.

काड्‌...! आवाज अप्रतिम आला. अक्रोड शाबूत होता.

गाल धरून ती कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात शिरली. खिडकीशी डॉक्टरची आत्या बसली होती. नावं लिहून घेणं तिचं काम. बाकीची चौकशी ही हौस.

"कुणी मारलं का गं?"

"नाही हो. चावताना..."

"कुणाला?"

डॉक्टर तरुण होता. तोंडावर मास्क आणि त्यावर वाफेने धुरकटलेला चष्मा, त्यामुळे माणूस असा फक्त भुवयांपुरताच दिसत होता. भुवया बऱ्या होत्या.

"काय खाल्लंत?"

"अक्रोड."

"टरफल काढून खातात तो."

"घाई होती."

"बरं झालं, भुकेच्या वेळी दगड हाताशी नव्हता."

तिला हसू आलं, आणि त्यापाठोपाठ कळ.

"हसू नका. म्हणजे... हसा, पण माझं झाल्यावर." त्याने आरसा हलकेच गालाआड सरकवला. "उजवी, खालची. वाचेल. फक्त पुन्हा यावं लागेल."

पुन्हा यावं लागेल, हे वाक्य दंतवैद्याच्या तोंडून तिला आजवर कधी गोड लागलं नव्हतं.

भाग आला. ग्रह फुटला. लोकांनी वाहवा केली. मग निर्वात आला.

'पुन्हा सांगतो, अंतराळात आवाज नसतो. आणि हा ग्रह नव्हे, दाढ फुटली आहे. खालची असावी.'

तिचा हात आपोआप गालावर गेला. हे ऐकून ओळखणारा माणूस कोण असेल, याला फारसं डोकं लागत नव्हतं. चष्माही जुळत होता. हसावं की रागवावं, हे ठरायच्या आत निर्मात्या मॅडमचा फोन आला. मॅडमना विज्ञान कळत नसे, पण कमेंट पाठ असत.

"अगं, लोक दाढ-दाढ करून खिदळताहेत! पुढच्या पर्वात अवकाश मुकंच ठेवू. आवाजाची भानगडच नको."

आवाजाची भानगड म्हणजे ती स्वतः.

ठरल्या वेळी ती खुर्चीत जाऊन पडली. आज सरळ विचारायचं, असं ठरवून गेली होती. पण त्याने आधीच तोंडात कापूस कोंबला. दंतवैद्याशी वाद घालणाऱ्याचं हे असं होतं.

"तुम्ही कमेंट वाचता का हो कधी?" तो काम करता करता म्हणाला. "एक कानोसा म्हणून आहे. बाई की बुवा, माहीत नाही. इथे दिवसभर माझ्याशी सगळे 'आ' एवढंच बोलतात. तो एकच माणूस मला उलटून बोलतो."

"आँ."

"या वेळी उत्तरच आलं नाही... लागलं असेल का मनाला? मी दोनदा लिहून खोडलं."

"आँ! आँ!"

"दुखतंय?"

तिने त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने कापूस काढला.

"दाढ खालचीच होती. सध्या तुमच्या बोटाखाली आहे."

खोलीत खरोखरच अंतराळ पसरलं. भुवया वर गेल्या त्या उतरेनात.

"म्हणजे... कानोसा... आणि तो ग्रह..."

"दोन्ही मीच. आणि तुमच्या त्या एका ओळीपायी माझं काम हातचं जातंय."

मॅडमचं सगळं तिने सांगितलं. त्याने मास्क खाली ओढला. चेहरा चांगला होता. वेळ वाईट होती.

"पण मी खोटं कसं लिहू? आवाज नसतोच तिथे."

"मी कुठे म्हटलं खोटं लिहा? दाढ नीट करा, तेवढं पुरे."

ती गेल्यावर खिडकीतून आत्या म्हणाली, "खरं बोललास रे बाबा. पण एखाद्याच्या पोटावर पाय देऊनच बोलायला हवं का?"

दुसऱ्या दिवशी निर्वातची कमेंट आली. कधी नव्हे ती लांबलचक.

'अंतराळात आवाज नसतो. काल मी सगळा भाग आवाज बंद करून पाहिला. विज्ञान बरोबर होतं. मला झोप लागली. ग्रह फुटला तेही कळलं नाही. आवाज अंतराळासाठी नसतो, आपल्यासाठी असतो, हे मला उशिरा कळलं. विश्वास नसेल त्याने आवाज बंद करून पाहावं.'

लोकांनी करून पाहिलं, आणि बरेचजण झोपले. मग जो तो आवाजाची बाजू घेऊ लागला. हवा फिरली तशा मॅडमही फिरल्या. "मी आधीपासून हेच म्हणत होते," म्हणाल्या. निर्वातची मात्र जुन्या मंडळींनी यथेच्छ खिल्ली उडवली. फितूर, पलटी, विज्ञानद्रोही. एकाने विचारलं, 'कुणाच्या डोळ्यांत बुडालास, भावा?'

त्याने चारचौघांत उत्तर दिलं: 'डोळे नव्हेत. दाढ.'

ते वाचताना ती एकटीच होती, तरी तिने तोंडावर हात घेतला.

दाढेवर टोपी बसवायला ती गेली, तेव्हा शेवटचा पेशंट निघून गेला होता. काम झालं. हात धुऊन त्याने मालिकेचा भाग लावला, आवाज बंद करून.

"एवढं जगापुढे नाक घासलंत," ती म्हणाली, "आणि परत मुकंच?"

"यान उडताना काय वाजतं ते... तुमच्याकडून ऐकायचं होतं. म्हणजे, तुझ्याकडून. चालेल?"

ती त्याच्या कानाशी झुकली. यान उडालं. दार सरकलं. मग ग्रह आला, आणि ती थांबली.

"याचा आवाज मी परत काढणार नाही हं."

"नको," तो म्हणाला. "माझ्या छातीत ऐक. तसाच वाजतोय."

बाहेर आत्याने खाकरून घेतलं.

हिशेब मांडायचा, तर तिची अर्धी दाढ गेली आणि त्याची पत. मॅडमचं काहीच गेलं नाही. मॅडम मंडळींचं जात नसतं. राहता राहिला अक्रोड. 'मुद्देमाल' म्हणून तिने तो आणून खिडकीत ठेवला होता, एक चराही न पडलेला. आत्याने जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं, दरवाजाच्या फटीत धरला आणि दार ओढून घेतलं. काड्‌...!

शेवटी त्यालाही भरावं लागलं.