मंगळवारचं पान

सरकारी ऑफिसातलं तिसरं टेबल त्या दिवशी रिकामं होतं, म्हणून ती दुसऱ्याकडे गेली. तिसऱ्यावरच्या माणसाची दाढ दुखली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ती शिवणकाम करायची. बहिणीची मुलगी, सहा वर्षांची पिटुकली, जन्मापासून हातापायांनी आखडलेली. बोलायला मोजून चार शब्द. बहीण कारखान्यात, मेव्हणा कधीच पसार झालेला. तेव्हा अपंग मुलांच्या सरकारी मदतीचे कागद आले मावशीच्या गळ्यात. ऑफिसातला शिपाईसुद्धा तिला मावशीच म्हणायचा. वय सव्वीस. रूप बरं, जीभ रूपाहून तेज.

दुसऱ्या टेबलावरच्या कारकुनाने फॉर्म उलगडला. उंच, चष्मा, आणि डाव्या बाहीला बटणाच्या जागी सेफ्टी पिन.

"मूल स्वतःच्या हाताने जेवतं का... इथे ‘हो’ लिहिलंय."

"मग जेवते ती."

"किती वेळात, मावशी?"

"मी तुमची मावशी नाही."

"नाहीच," तो घाईने म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "किती वेळात?"

"तासाभरात. आमच्याकडे कुणाची गाडी सुटत नाही."

"आणि तोंडात किती घास जातात?"

ती खिडकीकडे बघत राहिली. "...निम्मे."

"मागच्या वर्षीही तुम्ही सगळीकडे ‘हो’ लिहिलंत. म्हणून तर अर्ज फेटाळला. आता पुन्हा फेटाळला, तर दोन वर्षं अर्ज करता येणार नाही."

दोन वर्षं! डॉक्टरांनी बजावलं होतं, उपचार लवकर सुरू झाले नाहीत तर पाय कायमचे आखडतील. आणि उपचार या मदतीशिवाय झेपणारे नव्हते. तरी तिचा ताठा जाईना.

"म्हणजे आमच्या पोरीला काही येत नाही, असं मी माझ्या हाताने लिहू?"

"हा फॉर्म तिचं कौतुक करायला छापलेला नाही हो. चांगला दिवस नका लिहू, वाईट दिवस लिहा. पंधरा दिवसांची वही करून आणा."

असं कुणी तोंडावर सांगितलं असतं, तर तिने त्याची सालटी काढली असती. पण हा सांगताना स्वतःच अवघडला होता. ती उठली, आणि तिची नजर बाहीवर गेली.

"ती पिन टोचेल. आणा इकडे, बटण लावते. सुईदोरा असतो माझ्याजवळ."

त्याने हात टेबलाखाली नेला. "अर्जदाराकडून काही घ्यायचं नसतं."

"बटण आहे साहेब, बंगला नाही."

"बटणसुद्धा नाही."

इतका सरळ माणूस... तिला हसू आलं. ते घरी पोचेपर्यंत टिकलं, हे मात्र तिला आवडलं नाही.

पंधरा दिवसांनी ती वही घेऊन आली. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा बडवत होता. तिने छत्री भिंतीला टेकवली आणि स्वतःचं फाटकं लुगडं चारचौघांत वाळत घालावं तशी वही पुढे सरकवली.

तो पानं उलटत गेला. एका पानावर थांबला. ते मंगळवारचं होतं. मंगळवारी बहिणीची दुहेरी पाळी. पिटुकलीला आकडी आली, ताट भिंतीवर गेलं, शेजारीण दार ठोठावून ओरडली. पोर निजल्यावर मावशी मोरीत बसून रडली, तोंड धुतलं आणि गिऱ्हाइकाची झालर पुरी केली. एवढंच.

त्याने ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"फार वाईट लिहिलंय?" ती म्हणाली.

"खरं लिहिलंय. मोरीतून बाहेर आल्यावर... तुम्हाला कोण विचारतं?"

"तसा रकाना नाही फॉर्मात."

"नाही," तो हळूच म्हणाला. "असायला हवा होता."

पुढच्या खेपेला ती अंगावर नवी ओढणी घेऊन आली. उगाच नाही. तर फाइल त्याच्या टेबलावर नव्हतीच.

"चौथ्या टेबलाकडे दिली," तो मान वर न करता म्हणाला.

चौथ्या टेबलावरच्या बाईंना अख्खं ऑफिस ‘कात्री’ म्हणायचं. अर्ज कापण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे.

"का? माझी वही वाचून कंटाळलात?"

"तसं नाही... कारण फाइलमध्ये लिहिलंय."

"तोंडाने सांगा ना."

"तोंडाने सांगता येत नाही... अजून."

"कळलं." तिने पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि चौथ्या टेबलासमोर जाऊन बसली.

कात्रीबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "पोरगी आपल्या हाताने जेवते का गं?"

जिभेवर ‘हो’ आलंच होतं. तिने ते गिळलं. "प्रयत्न करते. निम्मं सांडतं. भरवल्याशिवाय पोट भरत नाही." आवाज थोडा चिरकला, पण वाक्य पुरं झालं.

ठप्प! शिक्का पडला. मंजूर.

ती उठायला लागली, तशी बाई म्हणाल्या, "बस. हा कागद तुझ्या फाइलमध्ये आलाय. तुझ्याबद्दल आहे, तर तूही वाच."

अक्षर ओळखीचं होतं. ‘अर्जदार मुलीच्या मावशीविषयी माझ्या मनात ओढ निर्माण झाली आहे. या प्रकरणात माझा निर्णय निःपक्षपाती राहील अशी खात्री देता येत नाही. फाइल दुसऱ्या टेबलाकडे द्यावी, ही विनंती.’ खाली सही. तारीख तिने वही आणून दिली त्या दिवसाची.

"तेवीस वर्षांत असला येडपट अर्ज पाहिला नाही मी," कात्रीबाई म्हणाल्या. "मंजूर केला. काय करणार?"

ती दुसऱ्या टेबलाशी गेली. पिशवीतून सुईदोरा आणि एक बटण काढलं.

"हात."

"अर्जदाराकडून—"

"तुमच्याकडे माझा कुठला अर्ज आहे आता?"

त्याने एकदा चौथ्या टेबलाकडे बघितलं. तिथे बाई मुद्दाम कपाटात डोकं घालून बसल्या होत्या. मग त्याने मुकाट्याने डावा हात पुढे केला. तिने पिन काढली, बटण टाचलं, चार फेरे जास्तच घातले आणि दोरा दातांनी तोडायला वाकली, तेव्हा त्याच्या मनगटाची नाडी तिला स्पष्ट दिसली. ती भलतीच धावत होती.

"पिटुकलीला भेटायला... येऊ का मी?" तो म्हणाला.

"चांगल्या दिवशी कुणीही येतं. सावरून बसलेली पोर बघायची, गाल ओढायचा आणि जायचं."

"मग?"

"वाईट दिवशी या."

"मंगळवारी पाचला सुटतो," तो म्हणाला. "सहापर्यंत पोचेन."

तिने सुई पिशवीत ठेवली. "जुना शर्ट घालून या. ताट भिंतीपर्यंत जातं."