इंजिनाचं बूच

भुजंग आमच्या मळ्यावर आला तो फक्त पाणी प्यायला. राजूरचा हा पोरगा जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनांचं काम शिकलेला. केदारखेड्याहून सायकलवर गावी निघाला होता. पण सायकलला लटकवलेली पान्यांची पिशवी माझ्या वडिलांच्या, आबांच्या, नजरेला पडली. तांब्या रिकामा व्हायच्या आत त्यांनी त्याला विहिरीवरच्या इंजिनापाशी नेऊन उभं केलं.

इंजिनाचं जुनं तेल काढायचं होतं आणि तळाचं बूच काही केल्या हलेना. हलणार कसं? गेल्या साली तिथून तेल गळायला लागलं, तेव्हा आबांनी हौद लिंपतात तसा चुना-गूळ कालवून ते पक्कं बसवलं होतं! भुजंगने गरम पाणी ओतओतून चुना खरवडला. तरी बूच ढिम्म. बुचाच्या डोक्यात चौकोनी खाच होती, आणि त्या मापाचं हत्यार पिशवीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. इंजिन बंद, त्यामुळे पाण्यावाचून मोसंबीची रोपं माना टाकत होती... आणि मी मेली रोपांची काळजी सोडून सारखी तांब्या घेऊन विहिरीवर. आईने विचारलंही, एवढी तहान कुणाला लागते म्हणून.

"मापाचं काही सापडंना व्हय?" मी विचारलं.

"सापडलं तर जावं लागंल," तो मान वर न करता म्हणाला. "म्हणून जरा हळूच शोधून राह्यलो."

तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं. मग मला ना घरात बसवेना, ना गोठ्यात थांबवेना. रविवारी तीर्थपुरीचे पाहुणे मला बघायला येणार होते, आणि आबांनी मनातून होकार देऊनच टाकला होता.

गोठ्यात तो दिसला — मोडक्या नांगराचा झिजलेला फाळ. चौकोनी, टोकाकडे निमुळता. बघताक्षणी कळलं, हा बसणार. पदराखाली धरून किती वेळ उभी राहिले! द्यावा तर भुजंग जाणार, न द्यावा तर रोपं जळणार. शेवटी स्वतःवरच चिडून विहिरीवर गेले.

"घ्या. हे बसंल." मग धीर केला. "रविवारी मला बघायला येऊन राह्यले... तीर्थपुरीचे."

तो फाळच उलटसुलट करून बघायला लागला. असा राग आला मला! त्याने फाळ खाचेत बसवला, पान्यात धरून जोर लावला... बूच करकरत फिरलं आणि काळं तेल भळाभळा घमेल्यात पडलं. आवाज ऐकून आबा मळ्यातून खुशीतच आले.

भुजंग तसाच काळ्या हातांनी त्यांच्यासमोर उभा राहिला.

"काका, पाव्हण्यायला येऊ नका म्हणून सांगा. परवा माझे वडील येतील... तुमच्या सगुणासाठी."

आबा माझ्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं हे?"

"आत्ताच कळलं."

"मंग? तुझं काय म्हणणं?"

अशा वेळी मुलीने खाली बघायचं असतं. पण दोन दिवसांची तगमग आता सोसवत नव्हती. मी भुजंगकडे सरळ बघितलं.

"तीर्थपुरीला न्हाई, आबा. मला राजूरला द्या."

राजूरला आमच्या सोयरिकी होत्याच. आबा तेलाचं घमेलं बाजूला सारत भुजंगला म्हणाले, "परवा कशाला? उद्याच घेऊन ये वडलांना."