हसायचा शॉट

पांढऱ्या कापडाखालचं प्रेत शिंकलं.

मी त्याच्या उशाशी हंबरडा फोडायच्या तयारीत बसले होते. सुपा धरणाच्या काठावरचं आमचं गाव पिक्चरवाल्यांना फार आवडतं. पलीकडचा डोंगर धुक्यात गेला की पाण्याला समुद्र म्हणता येतं... दोन जांभळींना माडाच्या झावळ्या बांधायच्या, आमच्या होड्या रंगवायच्या, की झाला कोळीवाडा! आज त्यांना बुडालेला कोळी हवा होता, आणि त्याच्यावर रडणारी बहीण. गावच्या बायकांतून त्यांनी मला निवडलं. माझा महेशदादा दीड वर्षापूर्वी ह्याच पाण्यात गेला, हे त्यांना कुठं ठाऊक?

"मुडद्यानं शिंकायचं नसतं," मी पुटपुटले.

"मुडद्याला थंडी वाजतीया," कापडाखालून उत्तर आलं. "तासभर ओल्यानंच पडलोय."

तो आवाज... मी कापडाची कड जराशी उचलली.

वासू! दादाचा जोडीदार.

धरणात बुडालेलं जंगल पाण्याखाली अजून उभं आहे. त्यातल्याच एका खुंटावर त्यांची होडी आदळली. दोघं गेले होते, एकटा परतला. काठावर आई त्याला एवढंच म्हणाली होती, "तू कसा आलास?" दुसऱ्या दिवशी तो रामनगरला गेला, ट्रकांत माल भरायला. माझ्याशी न बोलता. आणि त्याआधी हाच वासू दादाला हाक मारायला रोज दारात यायचा... दादा घरात नाही हे माहीत असलं तरी!

"गिरजा?" त्याचे ओठ निळे पडले होते. "झाक ते. बघतील."

"असलं काम कशाला घेतलंस रे?"

"जमतं मला. हे चौथं. मेलेल्याला कुणी इचारत न्हाई, तू कसा आलास म्हणून."

"अ‍ॅक्शन!" कुणीतरी ओरडलं.

आणि मी रडले. दीड वर्ष आईला सांभाळताना रडायचं राहूनच गेलं होतं, ते सगळं रडले. बाकीच्या बायका कामापुरत्या रडत होत्या, त्याही खरंच रडायला लागल्या.

"हात धरला हुता मी त्याचा, गिरजा," कापडाखालून अगदी हळू आलं. "सुटला..."

मी कापडाखाली हात घातला. त्याची थंडगार बोटं सापडली. "कट" झालं, बायका डोळे पुसत उठल्या — मी ती सोडली नाहीत.

"हसायचा शॉट! बेगीन!" कॅमेरावाला ओरडला. मेलेल्याचं काम केलं की उठून कॅमेऱ्यात हसायचं, मगच मरण अंगावरनं उतरतं, असा पिक्चरवाल्यांचा नेम आहे.

वासू हात सोडवून उठला आणि गाडीकडं चालू लागला.

"ह्यो कधीच हसत न्हाई बघा, बाई," कॅमेरावाला मला म्हणाला. "चारी पिक्चरला तसाच गेला. बरं न्हवं हे."

मी धावत जाऊन वासूच्या वाटेत उभी राहिले.

"माघारी हो."

"सोड गिरजे. गाडी निघंल."

"चारदा मेलास. एकदा तरी उठ की!"

"कुणाच्या तोंडानं उठू? तुझी आई मला माफ करंल?"

"ते मला ठाव न्हाई."

"आणि... तू?"

त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. मला वर बघवेना.

"मला बहीण म्हणून बसवलं हुतं. मी दादासाठी रडले, वासू. तुझी बहीण म्हणून रडायला... मला कधी जमायचं न्हाई."

 तो माघारी फिरला आणि कॅमेऱ्यासमोर बसला. हसू काही येईना. ओठ वाकडे व्हायचे, थरथरायचे, डोळे भरायचे.

"दात दिसू द्या की राव!"

आणि तो पुन्हा शिंकला. जोरात! मला हसू फुटलं. माझ्याकडं बघून त्यालाही — रडता रडताच.

गाडीनं दोनदा हॉर्न दिला. तो उठला नाही. मी माझा पदर त्याच्या डोक्यावर टाकला. "पूस. आणि चल."

"कुठं?"

"घरी."

त्याचा चेहरा उतरला. "तुझी आई इचारंल... तू कसा आलास?"

"मग सांग," मी म्हणाले, "गिरजेनं हाताला धरून आणलं."